भेटायला येणाऱ्यांची बाज

मित्रांनो, मी बाज आहे, आणि जुनी आहे हे वेगळे सांगायला नको. नव्या बाजा आता कोणी करतच नाही. बाजेने माणसांविषयी तक्रार करावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. माणसांनी बसायचे आणि बाजेने सोसायचे, अशीच रीत आहे. शिवाय माझी समजूत चुकीची असण्याचा संभव आहेच. पण या हिवाळ्यात माझ्यावर बसून माणसे जे जे बोलून गेली, ते ऐकून माझी दोरी न् दोरी वैतागली आहे. म्हणून सांगते. कुठे चुकले तर सोडून द्या.

जाम गावच्या चौकातून आत वळले की थोड्या अंतरावर आमचे गाव लागते. तिथल्या सुताराने बाभळीच्या लाकडाचे माझे पाय घडवले. पुंडलिकरावांच्या वडिलांनी अंबाडीची दोरी स्वतः वळून मला विणले. माझी पहिली नोकरी वाडीत होती. वाडी म्हणजे भाजीपाल्याचे शेत. रानडुकरे वांगी उकरून टाकत, म्हणून पुंडलिकराव राखणीला माझ्यावर झोपत. ते तेव्हा तरणेताठे होते. ते बसले की मी करकरत असे, आणि ती करकर ऐकून त्यांचे वडील म्हणत, पोरगा अंगाने चांगला भरला.

पुढे मी अंगणात आले. पुंडलिकरावांचा मुलगा वैभव माझ्यावर बसून मोठ्याने धडे वाचत असे. माझी भाषा थोडी पुस्तकी वाटली तर त्याचे कारण हे आहे. वैभवच्या लग्नात व्याही मंडळी माझ्यावरच टेकली होती आणि विणकाम मजबूत आहे असे म्हणाली होती. ते कौतुक शेवटचे. नंतर घरात दिवाण आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, आणि मला भिंतीशी उभे करून ठेवले गेले. उन्हाळ्यात तेवढ्या माझ्यावर मिरच्या वाळत. मी कोणाला दोष देत नाही. दिवाण मऊ असतो, हे मलाही पटते.

मागच्या पावसाळ्यात पुंडलिकरावांचे पोट एकाएकी असे दुखू लागले की त्यांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले. पित्ताशयातला एक खडा निसटून स्वादुपिंडाच्या वाटेत अडकला होता. स्वादुपिंड हा पोटात, जठराच्या मागे असणारा एक अवयव आहे. अन्न पचवणारा रस तिथे तयार होतो आणि रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिनही तिथेच तयार होते. त्या खड्यापायी स्वादुपिंड सुजले आणि त्याचा बराच भाग निकामी झाला. पुंडलिकराव वाचले, पण मधुमेह घेऊन घरी आले.

मी काही दवाखान्यात गेले नव्हते. पण पुंडलिकरावांच्या पत्नी कुंताबाई यांनी हे सगळे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले. ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी मात्र एकालाही पाठ झाले नाही.

डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावले होते की हा मधुमेह नेहमीसारखा नाही. इन्सुलिन टोचले की लगेच जेवायचे. जेवण चुकवायचे नाही. जेवणासोबत पचनाची गोळी घ्यायची. साखर वाढू द्यायची नाही हे खरे, पण ती एकदम उतरली तर त्याहून वाईट. घाम सुटेल, हातपाय थरथरतील, बोलणे अडखळेल. तेव्हा वाट न पाहता साखर द्यायची.

घरात अंधारे वाटते म्हणून पुंडलिकरावांनी मला पुन्हा अंगणात टाकायला लावले. कोवळ्या उन्हात ते माझ्यावर पडून राहत. मला वजन तोलता येत नाही, पण जाणवते. पूर्वीची करकर राहिली नव्हती. ते पडले तरी दोरी जेमतेम खाली जाई. एवढा हलका माणूस माझ्यावर याआधी झोपला होता तो वैभव, आणि तेव्हा तो शाळेत जात होता.

आणि मग लोक भेटायला येऊ लागले.

आजाऱ्याला भेटायला जाणे चांगलेच आहे. त्याविरुद्ध मी बोलत नाही, निदान बोलू नये असे ठरवले होते. पण आलेला प्रत्येक जण खुर्ची सोडून माझ्यावरच बसे, पुंडलिकरावांचे पाय बाजूला सरकवी आणि सल्ला देई. एकाने सांगितले, वजन कमी करा. माझ्या दोऱ्यांना विचारले असते तर बरे झाले असते. एकीने कारल्याचा रस आणला. एकजण म्हणाला, भात सोडा. दुसरा म्हणाला, पोळी सोडा. तिसऱ्याने सांगितले की इन्सुलिनची सवय लागते, ते घेऊच नका. त्या सगळ्यांचे ऐकले असते तर पुंडलिकरावांना फक्त उन्हावर जगावे लागले असते.

दारूचा विषय तर रोज निघे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे इथे कोणाच्या पोटातले काही बिघडले की तो चोरून पीत असणार, असा हिशेब लोक आधी करून टाकतात. पुंडलिकरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. तरीही त्यांचा जिवलग मित्र नत्थू, ज्याच्यासोबत एकाच टेम्पोत ते हिंगणघाटच्या बाजारात भाजी नेत, तो पहिल्याच दिवशी हसत म्हणाला, "काऊन बे पुंडलिक, एकटा एकटाच घेत होता? आमाले सांगतलं बी नाई."

नत्थूची ती थट्टा होती. पुंडलिकरावही हसले. पण तीच गोष्ट इतरांनी थट्टा न करता विचारली, तेव्हा ते खड्याची हकीकत सांगत. पुढे पुढे त्यांनी सांगणे सोडले. कोणी विचारले की ते वाडीकडे पाहत बसत.

सगळ्यांत जास्त येत ते प्रभाकरराव. ते कुंताबाईंचे थोरले भाऊ, आर्वीच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले. माणूस मनाचा वाईट नाही. बहिणीच्या काळजीने एवढ्या लांबून येतो, हे मला मान्य आहे. पण ते बसत तेव्हा माझी मधली दोरी जमिनीला लागे, आणि बोलू लागले की थांबत नसत. घरात साखर दिसली की माणसाचा हात जातोच, असे सांगून त्यांनी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकायला लावला. थोरल्या भावाचा शब्द म्हणून कुंताबाईंनी ऐकले. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्याला फिका चहा मिळू लागला.

आता त्या दिवसाचे सांगते. थंडी चांगली पडली होती. वैभव आणि सूनबाई वाडीत मेथी काढायला गेले होते. पुंडलिकरावांनी माझ्यावर बसून पोटात इन्सुलिन टोचून घेतले आणि सुई नीट डबीत टाकली. कुंताबाईंनी ताट आणले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि वरण. पुंडलिकरावांनी हात धुतला. तेवढ्यात फाटकाशी प्रभाकरराव आणि नत्थू दिसले.

ताट झाकून परत आत गेले.

मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्यासमोर एकट्याने जेवत नाहीत. पुंडलिकरावांनी त्यांना जेवायचा आग्रह केला. दोघेही जेवून आलो म्हणाले. मग पुंडलिकराव म्हणाले की मलाही काही घाई नाही. कुंताबाईंनी दारातून एकदा खूण केली. पुंडलिकरावांनी डोळ्यांनीच थांब म्हटले. सुईला न घाबरणारा हा माणूस पाहुण्यासमोर घास घ्यायला लाजला.

प्रभाकरराव बोलू लागले. त्यांच्या डेपोतल्या एका चालकाची साखर फक्त मेथीदाण्याने कशी गेली, ते सांगून झाले. मग दुसऱ्याची जांभळाच्या बियांनी कशी गेली, ते. उन्ह माझ्या उशाकडून पायथ्याकडे सरकले. मी मनात म्हणत होते, आता उठतील. पाणी प्यायले तेव्हा वाटले, आता तरी उठतील. त्यांनी मांडी घातली.

आधी मला पुंडलिकरावांच्या मांडीची थरथर कळली. मग दोरी ओली लागली. मला वाटले, माझीच चूक असेल, सकाळचे दव असेल. पण दव केव्हाच वाळले होते. माझ्याजवळ बोलायला तोंड नाही. पाय आहेत, पण ते उचलून कोणाला पाडता येत नाही. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

पुंडलिकराव मध्येच म्हणाले, "टेम्पो आला काय? डुकरं... कोबीत डुकरं घुसले."

शब्द तोंडातल्या तोंडात अडखळत होते. मान एका बाजूला कलली. प्रभाकरराव बोलायचे थांबले. त्यांनी वाकून पुंडलिकरावांच्या तोंडाचा वास घेतला आणि नत्थूकडे असे पाहिले, जणू त्यांना हवे ते उत्तर मिळाले.

"कुंते, इकडे ये," ते म्हणाले. "जवाईबापूनं घेतली हाय. वास येत नाई, पण आजकाल बिनवासाची बी भेटते. तू सांगत होती ना, खडा होता, खडा होता. पाह्य आता डोळ्यानं."

कुंताबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या थांबल्या. क्षणभरच थांबल्या असतील, पण तो क्षण मला फार लांब वाटला. महिनोन्‌महिने तेच तेच ऐकले तर माणसाच्या मनात काय होते, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

मग त्यांनी कप खाली ठेवले, पुढे येऊन नवऱ्याच्या मानेला हात लावला आणि तोच हात भावापुढे धरला. तो घामाने निथळत होता.

"एवढ्या थंडीत दारूनं असा घाम येते काय, भाऊ?" त्या म्हणाल्या. "शुगर उतरली त्याईची. अन् घरात साखरेचा दाणा नाई. तुमीच काढाले लावली."

नत्थू शेजारी पळायला उठला. तेव्हा प्रभाकररावांनी कोणाकडे न पाहता सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. पुडीत साखर होती.

"मले शुगर नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "मी काऊन फिका चहा पेऊ?"

नत्थूने पेल्यात पाणी घेऊन सगळी पुडी त्यात ढवळली. कुंताबाईंनी पुंडलिकरावांना बसते केले, ते गिळतात याची खात्री केली आणि घोट घोट पाजले. अर्धे पाणी माझ्यावर सांडले. थरथर थांबायला वेळ लागला. प्रभाकरराव उभे होते. ते इतका वेळ उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले.

हळूहळू पुंडलिकरावांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी अंगण पाहिले, माणसे पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाव्हण्याईले चहा देल्ला काय?"

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावे?

कुंताबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. पुंडलिकराव पुटपुटले की मंडळी जाऊ दे, मग जेवतो. कुंताबाई माझ्यावर, प्रभाकररावांच्या जागेवर, ताट मांडीवर घेऊन बसल्या.

"कोणी जाओ का राहो," त्या म्हणाल्या. "तुमी आता माह्यासमोर जेवा. लाज वाटत अशीन तर डोळे मिटून जेवा."

पुंडलिकरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते, आणि हा लाजाळू माणूस खाली मान घालून तसाच बसला होता. तेव्हा नत्थू माझ्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

"वयनी, मले बी चतकोर भाकर दे," तो म्हणाला. "बे पुंडलिक, चाल. दोघं जेवू."

तो जेवून आला होता. भरल्या पोटी त्याने ती चतकोर भाकर वांग्याच्या भाजीशी अगदी सावकाश खाल्ली, आणि त्याचा घास तोंडात गेल्यावर पुंडलिकरावांचाही गेला. दारूची थट्टा त्याने त्यानंतर कधी केली नाही. प्रभाकररावांनी गार झालेला फिका चहा मुकाट्याने संपवला.

साखरेचा डबा त्याच दिवशी शेजारून परत आला. सगळे सुधारले असे मात्र समजू नका. प्रभाकरराव आता आर्वीत भेटेल त्याला सांगतात की मधुमेह असलेल्या माणसाच्या घरी साखर हवीच, आणि ही गोष्ट आपणच सर्वांत आधी ओळखली. कारल्याचा रस परवा पुन्हा आला. पुंडलिकरावांचा मधुमेह आहे तिथेच आहे. ते स्वादुपिंड काही परत उगवायचे नाही, इतके मला कळते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आजाऱ्याला भेटायला जरूर जा. पण त्याचा आजार तुमच्या ओळखीच्या कोणासारखा आहे असे समजून जाऊ नका. तो काय पीत होता हे विचारू नका. तो जेवला का, एवढे विचारा. जेवला नसेल तर उठा. आणि उठायचे नसेल तर पोट भरलेले असले तरी त्याच्यासोबत चतकोर खा. बाजेने माणसाला शिकवणे बरे दिसत नाही. पण बाज मोडेपर्यंत गप्प राहिली, तर तिचे ऐकायचे कोणी आणि कधी?

आता पुंडलिकरावांनी सुई घेतली आहे. ताट समोर आले आहे. फाटकाची कडी वाजली. आज मला उन्हासाठी पलीकडे टाकले आहे, त्यामुळे कोण आले ते इथून दिसत नाही. पुंडलिकरावांनी तिकडे पाहिले, थोडे अवघडले, या बसा म्हणाले, आणि भाकर मोडली.