मुखड्याची चाचणी

वैजयंताच्या मानेवर, डाव्या कानाच्या बोटभर खाली, वायर घालायचं भोक उगवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, शशिकांत म्हेत्रेच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर बरं झालं, आता माइकचा व्याप नको. भोकाला पितळी कडा होती. त्याने बोटाने चाचपून पाहिलं.

"पाव इंची आहे," तो म्हणाला. "आपल्याकडची वायर बसेल."

"दुखत नाही," वैजयंता म्हणाली. त्याने विचारलं नव्हतं.

आता काय बोलायचं अशा माणसाला! बायकोच्या मानेत भोक दिसावं आणि माप सुचावं. पण शशिकांत वाईट नव्हता हो. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरुणपणी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आणि आता घरच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर संगीत करायचा. करायचा म्हणजे, करायच्या तयारीत असायचा.

इचलकरंजीत घरी गाणं रेकॉर्ड करणं म्हणजे दिव्यच. त्यांच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून यंत्रमाग. खडखडाट असा, की नवरा-बायको भांडली तरी हातवारे करून. मागांना आठवड्याची सुट्टी असली की तेवढा एक दिवस गल्ली गप्प व्हायची, आणि रेकॉर्डिंग करायचं तर त्याच दिवशी. अशा सुट्ट्या आता थोड्याच उरल्या होत्या. वैजयंताच्या गळ्यात गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि वर सांगितलं होतं, "आवाज असाच राहील याची खात्री मी देत नाही. काय गायचं असेल ते आधी गाऊन घ्या."

तिला गायचं होतं एकच गाणं. शब्द तिचे, चाल तिची. मुखडा भांडी घासताना, केस विंचरताना ती येता-जाता म्हणायची, तो घरातल्या भिंतींनाही पाठ होता: उंबऱ्याशी ऊन आलं, आत ये म्हणावं का. अंतरा मात्र तिने कुणालाच ऐकवला नव्हता. नवऱ्यालासुद्धा नाही. तो रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवला होता. इतक्या वर्षांच्या संसारात बाईने मागितलेली गोष्ट ही एवढीच.

आता गाणं घ्यायला लागतं काय? एक बटण दाबायचं. गल्लीतली पोरं मोबाइलवर घेतात. पण शशिकांत 'घरगुती संगीतकार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचा सल्लागार होता. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं हे लोक त्याला विचारायचे. सध्या सगळे सुट्या डब्यांच्या सॉफ्टवेअरमागे लागले होते. त्यात तयार काही मिळत नाही. एक डबा आवाज काढतो, एक गाळतो, एक लांबवतो, आणि पडद्यावरच्या वायरींनी ते डबे आपले आपण जोडायचे. असली तीन सॉफ्टवेअरं होती, निळं, राखाडी आणि पिवळं. तिन्ही चाचणीसाठी फुकट मिळत. सगळं काम करत, फक्त केलेलं साठवून ठेवत नसत.

"आधी तुलना करू," तो म्हणाला. "मग एकदाच काय ते चांगल्यात घेऊ."

पहिल्या सुट्टीला त्याने तिच्या मानेत वायर घातली आणि निळं सुरू केलं. "मुखडाच म्हण. अंतरा चाचणीत वाया घालवू नकोस."

वैजयंताने मुखडा म्हटला. आवाज गाळणीच्या डब्यातून असा काही निघाला की तिचेच डोळे भरून आले. शशिकांत "मऊ आहे, मऊ आहे" म्हणत ग्रुपवर लिहायला बसला. चाचणी संपली, निळं बंद झालं. दुपारी भाजी निवडताना ती गुणगुणायला लागली तर ओळ सुरू झाली 'ऊन आलं'पासून. पहिला शब्द तिला सापडेना.

थोड्या वेळाने शेजारच्या गौराक्का आमटीची वाटी घेऊन आल्या. घरी मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई, बोटांना कायम सूत चिकटलेलं. त्या दारातच थबकल्या.

"शशिकांत, तुझा उंबरा कुठं गेला रं?"

शशिकांतने पाहिलं. फरशी घरातून सरळ गल्लीत गेली होती, मध्ये काही नव्हतं. "चाचणीत गेला," तो म्हणाला.

"बरं," गौराक्का म्हणाल्या, आणि जपून पाय टाकत आत आल्या. "नवा बसीवताय न्हवं?"

"सॉफ्टवेअर ठरलं की बघू."

पुढच्या सुट्टीला राखाडी. यात वायरी हव्या तशा ओढता येत होत्या; इतक्या, की त्यातल्या काही पडद्याच्या कडेवरून खाली जमिनीवर आल्या. वैजयंता त्या ओलांडून चहा द्यायला लागली. मुखडा पुन्हा म्हणून झाला, आणि त्या दिवसापासून ऊन त्यांच्या घरात यायचं बंद झालं. गल्लीत यायचं, समोरच्या भिंतीवर चढायचं, गौराक्कांच्या पापडांवर पसरायचं. यांच्या दाराशी आलं की मागे फिरायचं. कपडे वाळेनात.

"अहो, निळंच घ्या ना," वैजयंता म्हणाली. "मला आवडलं होतं."

"अगं, आवडण्यावर असतं का? राखाडीत मोकळीक आहे, पण मऊपणा नाही. निळ्यात मऊपणा आहे, पण वायरी अडकतात. सगळं तपासून घ्यायला नको?"

ग्रुपवर साताऱ्याच्या पाटणकरांनी लिहिलं, 'म्हेत्रेसाहेब, तुम्ही सांगाल ते घेणार.' शशिकांतच्या छातीत कसं भरून आलं! बायकोच्या गळ्यातल्या गाठीने आलं नव्हतं तेवढं.

त्याच आठवड्यात त्याचे हेडफोन निघेनासे झाले. त्याने ओढून पाहिले. कानांनीच ते धरून ठेवले होते. तेव्हापासून वायरीतून येईल तेवढंच त्याला ऐकू यायचं. वैजयंता काही बोलायचं असलं की आधी वायरीचं टोक शोधायची, मानेत घालायची आणि मग विचारायची, "भाकरी वाढू?"

"थोडी मागे सरक," तो पडद्यावरच्या आवाजाच्या काट्याकडे बघत म्हणायचा. "आवाज फुटतोय."

ती मागे सरकायची. आता ह्याला संसार म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा. मला तर चीड येते.

तिसऱ्या सुट्टीला पिवळं झालं आणि ओळीतलं 'आत ये' गेलं. त्यामुळे घराचं दार बिघडलं. दार जागेवर होतं, उघडत होतं, त्यातून बाहेरही जाता यायचं. पण आत येता येत नव्हतं. गौराक्का वाटी घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

"बोलव की गं मला."

वैजयंताने तोंड उघडलं, तिला जमेना. तिने शशिकांतकडे पाहिलं. त्याने गौराक्कांना हाताने खूण केली, पण खुणेने कोण आत येतं? म्हातारीने वाटी लांब करून पुढे धरली आणि वैजयंताने ती बाहेर हात काढून घेतली. शशिकांतने कामावर जाणं सोडलं. गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि तुलना अर्धवट राहिली असती. वायरी आता गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. स्वयंपाकघर होतं तिथेच होतं, पण तिथे पोचायला वैजयंताला वेळ लागायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची सुट्टी आली. माग थांबले. गल्ली इतकी शांत झाली की लांबच्या सायकलची घंटी ऐकू येत होती. वैजयंताला, शशिकांतला नाही. ती अंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसली. स्वतःच्या हाताने तिने वायर मानेत घातली.

"अंतरा घ्या," ती म्हणाली.

शशिकांतचा चेहरा उजळलेला होता. "वैजू, निळ्याची नवीन आवृत्ती आलीय. वायरी अडकायचं त्यांनी दुरुस्त केलंय म्हणे. एवढं बघू दे. मुखडा म्हण."

"मुखड्यात 'म्हणावं का' एवढंच उरलंय."

"तेवढं पुरे."

"अहो, उद्या मिरजेला जायचंय."

"माहितीये गं. घाई केली तर जन्माची चुटपुट लागेल. ग्रुपवर सगळे थांबलेत."

वैजयंताने खुर्ची जरा पुढे ओढली. मग बोलली. ती सहसा इतकं बोलायची नाही.

"मला भीती वाटते. उद्यानंतर मी तुम्हाला हाक मारीन तर ती कुणाच्या आवाजात असेल मला ठाऊक नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर केव्हाच गायले असते मी. पण तुम्ही घ्यावं असं वाटत होतं. एवढं एकच मागितलं होतं तुमच्याकडे."

हे सगळं नव्या निळ्यातून गेलं. 'मागितलं होतं' याच्यामागे लांबवणाऱ्या डब्याने असा प्रतिध्वनी लावला की शशिकांतने डोळे मिटले.

"वा," तो म्हणाला. "हे राखाडीला जमलं नसतं."

वैजयंताने मानेतली वायर उपटली. ती वायरींतून वाट काढत दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. ते त्याला कळलं काटा खाली बसला तेव्हा.

तो खिडकीशी गेला. पाय वायरींत होते, खिडकीपर्यंतच पोचले. बाहेर उन्हात गौराक्का कांड्यांच्या खोक्यावर बसल्या होत्या. वैजयंता त्यांच्या शेजारच्या खोक्यावर बसली, पदर सारखा केला आणि तोंड उघडलं.

गौराक्कांचा सुपारी कातरणारा हात थांबला. समोरच्या कारखान्यातले दोन कामगार अंगणात पत्ते खेळत होते. एकाने पानं उपडी ठेवली. कुणीतरी सायकलवरून उतरून सायकल भिंतीला टेकवली. दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या, आणि हळूहळू सगळी गल्ली खाली बसली. शशिकांत तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होता. मुखडा असता तर त्याने ओळखला असता. हा मुखडा नव्हता.

त्याने काच वाजवली. कुणी वळून पाहिलं नाही. तिला हाक मारायला तोंड उघडलं, पण माणसाला ज्या शब्दांनी घरात बोलावतात ते त्या घरात उरले नव्हते. मग दोन्ही हातांनी हेडफोन धरून त्याने जीव खाऊन ओढले. कान दुखले, हेडफोन हलले नाहीत. बाहेर गौराक्का पदराने डोळे पुसत होत्या, पत्तेवाला मांडीवर ठेका धरत होता, आणि वैजयंता डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून गात होती. संपत आलं आहे की अजून पुष्कळ बाकी आहे, काहीच कळत नव्हतं.

शशिकांत धडपडत कॉम्प्युटरपाशी परतला. वायरीचं रिकामं टोक जमिनीवर पडलं होतं. पडद्यावरची आवाजाची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ होती. त्याने त्या रेघेपाशी तोंड नेलं, आणि आवाज आणखी वाढवला.