रेणूंची बैठक

आमच्या घरात दोन वर्षं बाप-लेकाचं बोलणं बंद होतं आणि दोघांचे निरोप पोचवून मी विटले होते. माझे सासरे दिनकरराव तीस वर्षं ग्वाल्हेर दरबारात मानकऱ्यांच्या बैठका लावत, कुणी कुठे नि कसं बसायचं ते ठरवत. मुलानं तीच नोकरी धरावी, ही त्यांची इच्छा. ह्यांनी ती नाकारली आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. दरबार सोडून डांबराच्या गोळ्या, असं मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

१९३८च्या उन्हाळ्यात ह्यांनी डांबरातल्याच एका पदार्थाचा स्फटिक वाढवला. कलकत्त्याहून त्याची क्ष-किरणांनी काढलेली छायाचित्रं आली. आतली चौकट केवढी ते त्यावरून कळलं. तिच्यात रेणू कसे बसलेत ते शोधायचं होतं. पंधरा दिवसांत उत्तर गेलं तर कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत जागा, नाहीतर ती दुसऱ्याला. ह्यांनी हजीरा भागातल्या सुताराकडून मापाचं खोकं आणि रेणू म्हणून चपट्या पट्ट्या करवून घेतल्या. खालच्या थरात आठ मावायला हव्यात, मावत सातच. तेरा दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्या पट्ट्या चुलीत घालाव्यात असं मला वाटायचं.

चौदाव्या दिवशी मामंजी दारात थांबले.

"सूनबाई, त्यांना म्हणावं, सगळ्यांना बिलकुल सरळ बसवलं की गुडघे भिडतात. एकाला जरा डावीकडे वळवा, शेजारच्याला उजवीकडे."

हे तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. पट्ट्या तिरक्या झाल्या आणि आठवी आत गेली. पण वरचा थर काही केल्या बसेना. त्यांना विचार, असं हे मला हळूच म्हणाले.

"मला कामं आहेत. तुम्हीच विचारा," मी म्हटलं.

ह्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"आबा, वरचा थर ही मागची रांग धरली, तर ती कशी बसवायची?"

मामंजींनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडायला घेतली. मग ते येऊन मुलाशेजारी जमिनीवर बसले. मागच्याला पुढच्या दोघांच्या खांद्यांमधून दिसलं पाहिजे, असं सांगत त्यांनी स्वतः एक पट्टी ठेवली. ती नेमकी बसली.

छायाचित्रांशी आकडे जुळले आणि पाकीट वेळेत गेलं, ते दुसऱ्या दिवशी. पण आदल्या दुपारी, पट्ट्या लावता लावता मामंजी खोक्याकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं बैठका लावल्या. कशा लावता, ते घरात कुणी विचारलं नाही."

ह्यांनी पुढची पट्टी वडिलांच्या हातात दिली.