जांभळ्या फडक्याखालचा जनरल

मंगळवारी दुपारी मी राजधानीहून परतले, तेव्हा बसथांब्यावर कासिमिरोसाहेब माझी वाट पाहत उभे होते. ते आमच्या गावातल्या पक्षाचे अध्यक्ष. देशात पक्ष एकच, जनरलसाहेबांचा, त्यामुळे गावाचे मालकही कासिमिरोसाहेबच. हा माणूस एरवी कोणासाठी पाच मिनिटं उन्हात उभा राहायचा नाही. शेजारी तपकिरी सुटातला एक अनोळखी माणूस रुमालाने हळूहळू मान पुसत होता.

"बरं झालं आलीस, नेरेइदा," कासिमिरोसाहेब म्हणाले. "हे तेहादासाहेब. सांतियागोच्या पक्षकचेरीतून आलेत. तुझ्या भावाच्या दाखल्यासाठी घर स्वतः बघणार म्हणतात."

त्या दाखल्यावर माझ्या भावाचा, तुलियोचा, जीव टांगलेला होता. ईस्टरच्या निमित्ताने जनरलसाहेब मोजक्या कैद्यांना माफी देत. यादीत नाव जायचं तर कैद्याचं घर निष्ठावान आहे असं पक्षाने लिहून द्यावं लागे. तुलियो शाळामास्तर. जनरलच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीला तो गेला नाही, कारण तो तापाने फणफणला होता. चार दिवसांनी पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये कोणीतरी खोट्या नावाने विचारलं, गुरुजींना नेमका त्याच दिवशी ताप कसा येतो? पाचव्या दिवशी काळी गाडी आली. त्या काळात सकाळी पेपर आला की आम्ही आधी तो कोपरा उघडायचो, आपलं नाव नाही ना बघायचो, आणि मग कॉफी प्यायचो. तुलियोला आत जाऊन सहा महिने झाले होते. दहा दिवस तुरुंगाच्या दारात रांग लावून मला त्याचा एक शर्ट मिळाला, धुवायला. त्या शर्टाबद्दल मी आजही बोलत नाही.

घर जवळ आलं तशी मला जरा हुशारी आली. घराला नावं ठेवायला जागा नव्हती. दारावर पत्र्याची पाटी होती, 'या घरात हुकूम जनरलचा.' सगळ्यांच्याच दारावर होती, पण आमची मी दर शनिवारी राखेने घासायचे. आत बैठकीच्या भिंतीवर येशूची तसबीर, तिच्या शेजारी आल्ताग्रासिया माता आणि मातेशेजारी पदकं लावलेला जनरल. तिघांच्या काचा सारख्याच चकचकीत.

मी दार उघडलं, आणि उंबऱ्यातच थांबले.

भिंतीवर तीन जांभळी फडकी लटकत होती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आम्ही घरातल्या देवांच्या तसबिरी जांभळ्या कापडाने झाकतो, ते शनिवारी सकाळी दहाच्या घंटेपर्यंत. पण झाकायचे देव. आमच्या आत्याने तिसऱ्या तसबिरीलाही फडकं शिवलं होतं, चारही बाजूंनी, बारीक टाके घालून.

आत्या, एर्सिल्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, खुर्चीत बसून राजमा सोलत होती. पाहुण्यांना बघून ती उठलीसुद्धा नाही. "आलीस? केळ्याचं मांगू कुस्करून झाकून ठेवलंय," ती म्हणाली.

तेहादा भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. कासिमिरोसाहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब मला दारातून दिसत होते. मी धावत जाऊन ते फडकं ओढणार, तेवढ्यात आत्या कडाडली.

"नेरेइदा! घंटा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पाप लागतं."

"आजी," तेहादा शांतपणे म्हणाला, "जनरलसाहेबांचं तोंड का झाकलंय?"

"पवित्र आठवडा आहे. देव झाकतात आमच्यात."

"म्हणजे जनरलसाहेब देव आहेत?"

आता काय बोलायचं, सांगा! हो म्हटलं तर पाद्री उद्या प्रवचनात आमची सालटी काढणार. नाही म्हटलं तर मग झाकला कशाला? त्याचं तोंड बघवत नाही म्हणून? तो मेलाय म्हणून? माझ्या डोळ्यांपुढे तुलियोचा शर्ट आला.

"तसं नाही हो साहेब!" कासिमिरोसाहेब मध्येच ओरडले. "देव तो देवच. पण आमच्या लोकांची भक्तीच अशी! जनरलसाहेबांना देवापेक्षा कमी मान द्यायला हात धजत नाही. आमच्या गावाची रीतच आहे ती!"

हा माणूस आमच्यासाठी खोटं बोलत नव्हता. असं घर त्यांच्या गावात निघालं तर पहिली काळी गाडी त्यांच्याच दारात लागली असती. हे मला तेव्हाच कळलं, आणि तरीही मी मनात त्यांचे पाय धरले.

तेहादाने वही काढली. "अख्ख्या गावाची रीत?"

"अख्ख्या! म्हणजे... बुधवारपासून. या म्हाताऱ्या बायका जरा घाई करतात."

"वा," तेहादा म्हणाला. "वरिष्ठांना हे आवडेल. मी शनिवारपर्यंत राहतो. घंटेला फडकी कशी निघतात तेही बघतो. दाखल्याचं त्यानंतर ठरवू."

तो खानावळीकडे गेल्यावर कासिमिरोसाहेब माझ्यावर दात ओठ खात आले. "तुझ्या आत्याने माझ्या गळ्याला फास लावला! आता शिव! उद्या संध्याकाळपर्यंत एक घर सुटता कामा नये."

गावात शिवणयंत्र माझं एकटीचं. बुधवारी सकाळपासून दारात रांग लागली. जांभळं कापड संपलं, मग चर्चमधले जुने पडदे फाडले, मग बायका आपापले परकर घेऊन आल्या. प्रत्येकजण तसबिरीचं माप सांगायचा आणि वर पुटपुटायचा, "भक्ती हो, भक्ती." हसायचं कोणी नाही. पण जाताना कापडाची घडी ज्या लगबगीने उचलायचे, ती मी पाहत होते.

शेजारची फेफा सगळ्यांत शेवटी आली. तिचा नवरा ट्रकवर असायचा, आणि तिची जीभ धारदार. "जरा जाड कापड दे ग," ती म्हणाली. "आमचा फार डोळे वटारतो."

"हळू बोल!" मी चिडले. "माझा भाऊ आत आहे, तुझा नव्हे."

"माझा आता आत नाहीये," फेफा म्हणाली. "तो दोन वर्षांमागेच सुटला. कुठे पुरला तेवढं सांगितलं नाही." मी मान खाली घालून यंत्र चालवत राहिले.

ती गेल्यावर मी आत्याला धारेवर धरलं. "मुद्दाम केलंस ना? खरं सांग."

"मला काय वेड लागलंय?" आत्या म्हणाली. "बावीस वर्षं मी देव झाकते आणि हा मेला मध्ये बसून माझा घास मोजतो. तू नव्हतीस, तुलियो नव्हता. म्हटलं, चार दिवस एकटीला निवांत जेवू दे." एवढं बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि माझा सगळा राग जिरला.

गुरुवारी आणि शुक्रवारी गावात जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. चारशे घरांतून जनरल एकदम नाहीसा झाला. दारं उघडी, कारण तेहादा फिरत होता, पण आत माणसं बोलत होती. कुजबुजत नव्हती, बोलत होती. न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी मोठ्याने शिंकलं आणि सगळे हसले. दर वर्षीसारखी गोड राजम्याची खीर घरोघर शिजली, नारळाच्या दुधाचा वास गल्लीभर पसरला आणि वाडगे या घरातून त्या घरात जायला लागले. फेफाने वाडगा दिला तेव्हा तुलियोचं नाव घेतलं. सहा महिन्यांत गल्लीत कोणी ते नाव उच्चारलं नव्हतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. आमच्या गावात आवाज होता हे मी विसरूनच गेले होते.

तेहादा बघत होता आणि लिहीत होता. एकाने दाराशी थांबवून त्याला खीर दिली, तीही त्याने खाल्ली. त्याला काय कळलं, देव जाणे.

शनिवारी साडेनऊला कासिमिरोसाहेब गल्लोगल्ली हुकूम सांगत फिरले. तसबिरी खिडकीत आणून ठेवायच्या. दहाच्या घंटेला देवांचं फडकं काढायचं, मग जनरलसाहेबांचं, आणि 'चिरायू होवो' एवढ्या जोरात म्हणायचं की सांतियागोला ऐकू जावं. तेहादा आमच्याच दारासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पाकीट होतं. पाकिटात तुलियोचा दाखला, सहीसकट. शिक्का तेवढा राहिला होता.

घंटा वाजली. गुरुवारपासून रीतीप्रमाणे मुकी ठेवलेली घंटा अशी घणघणली की कबुतरं उडाली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत येशूवरची फडकी निघाली, मातेवरची निघाली. आणि मग हात थांबले.

कोणी ठरवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. चारशे घरांचं संगनमत करायची कोणाची छाती होती? प्रत्येकजण दुसऱ्याचा हात हलायची वाट बघत होता, एवढंच. एरवी टाळ्यांत आपण मागे राहू नये म्हणून जीव काढणारी हीच माणसं. समोर फेफा खिडकीत उभी होती, फडक्याचं टोक बोटांत धरून. ती माझ्याकडे बघत होती. म्हातारा न्हावी बघत होता. घंटा वाजत होती आणि गल्लीत एकही आवाज नव्हता.

तेहादाने वही उघडली नाही. त्याने पहिल्यांदा मान वळवून मागे पाहिलं, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याचा चेहरा उतरला. तो घाबरला होता! मी स्वतः पाहिलं. कासिमिरोसाहेब तर भिंतीला टेकले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या गल्लीत भीती त्यांच्या बाजूला गेली होती.

मग तेहादाने ते पाकीट दोन्ही हातांत धरलं. फाडलं नाही. नुसतं धरलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"नको," आत्या माझ्या मागून हलकेच म्हणाली. "नेरेइदा, थांब जरा."

मी टाके उसवले नाहीत. फडकं असं ओढलं की चौकटीचा खिळा निघाला. आणि किंचाळले, "जनरलसाहेब चिरायू होवोत!" तो माझा आवाज होता. अजून कानात आहे.

एका क्षणात गल्लीभर फडकी गळाली. सगळे ओरडायला लागले, आधी उशीर झाला म्हणून दुप्पट जोरात. न्हावी तर रडत रडत ओरडत होता. तेहादाने रुमालाने मान पुसली, कासिमिरोसाहेबांच्या पाठीवरच कागद ठेवून शिक्का मारला आणि पाकीट मला दिलं. "उत्स्फूर्त," तो म्हणाला. "असंच लिहीन."

तुलियो पुढच्या गुरुवारी आला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. आत्याने त्याला भरवलं. तो भिंतीकडे पाठ करून बसला होता, आणि मी जिंकले होते. कोणी काही म्हणो, माझा भाऊ माझ्या घरात जेवत होता.

संध्याकाळी फेफा माझा खिरीचा वाडगा परत द्यायला आली. आमच्याकडे वाडगा कोणी रिकामा परत करत नाही, काही नाही तर मूठभर साखर तरी घालतात. तो घासून पुसून कोरडा केलेला होता.

"तुलियो आला, छान झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

"तू काय केलं असतंस ग माझ्या जागी?" मी विचारलं. मला भांडायचं होतं.

"हेच," फेफा म्हणाली. "तुझ्याआधी केलं असतं." ती वळली, दारात थांबली. "पण अजून थोडा वेळ कोणी हललं नसतं, तर काय झालं असतं ग?"

"मारलं असतं सगळ्यांना."

"असेल," ती म्हणाली. "आता कसं कळणार?"

मी वाडगा फळीवर ठेवला आणि जनरलची काच पुसायला घेतली, कारण शनिवार दोनच दिवसांवर आला होता.