फुलीच्या शिक्क्याची साक्ष

कडूबाची थोरली लेक बेबीनंदा हिचं लग्न झालं ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मांडव सुटून आठच दिवस झाले होते आणि कडूबा ग्रामपंचायतीला उभा राहिला होता. टेंभुर्णीजवळच्या त्या गावी मी पोत्यातून, लाखेच्या कांड्या आणि शाईच्या डबीसोबत गेलो, म्हणून मला ते साल पक्कं आठवतं.

मित्रांनो, मी मतदानाचा एक जुना शिक्का आहे. माझी लाकडी मूठ जुन्या जालन्यातल्या, लाकूड कातून वस्तू करणाऱ्या एका कातार्‍याने घडवली. खाली रबराची फुली बसवली. फुलीच्या चार टोकांना चार बाण, आणि कागदावर उमटले की चारही उजवीकडे वळलेले. हे बाण कशासाठी, ते मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, शोभेला असतील.

त्या गावच्या मतदानाचे केंद्राध्यक्ष होते मुकुंद गुरुजी. आल्या आल्या त्यांनी मतदान होणार होतं त्या शाळेच्या फाटकावरचा एका पक्षाचा झेंडा उतरवायला लावला. "ही पंचायतीची निवडणूक आहे, पक्षाची नाही. इथं माणूस उभा आहे आणि त्याचं चिन्ह, बस्स," ते म्हणाले.

वॉर्डात एक जागा, दोन उमेदवार. रखमाजीची छत्री, कडूबाची घागर. कडूबाच्या वस्तीतला एकही माणूस आजवर पंचायतीच्या सतरंजीवर बसला नव्हता. वस्तीला विहीर हवी होती आणि ती मागायला आत कुणीच नव्हतं.

मतपत्रिकेवर छत्री वर होती, घागर खाली. गुरुजी प्रत्येकाला कोरा कागद घडी घालून दाखवत. आधी उभी घडी, मग आडवी. तशी घातली की ओली शाई त्याच चिन्हाच्या ओळीत उमटते. उलटं केलं तर वरची खाली जाते, खालची वर.

सत्तरीला टेकलेल्या केशरबाई आल्या. गुरुजींनी पुन्हा घडी दाखवली.

"आता या वयात मला घडी शिकवून राह्यले का गुरुजी? साठ वर्षं लुगडी घडी करून राह्यले मी!"

"मावशी, हे लुगडं न्हाई."

"बराबर हाय. लुगडं याच्याहून मोठं असतं."

रांगेत हशा पिकला. केशरबाई पडद्याआड गेल्या. मी त्यांच्या मुठीत होतो. त्यांनी मला दाबलं ते जोर लावून.

दुसर्‍या दिवशी सकाळी शाळेतच मोजणी झाली. छत्रीला एकशे बेचाळीस, घागरीलाही एकशे बेचाळीस. शेवटची एक मतपत्रिका उरली. तिच्यावर दोन फुल्या होत्या. एक छत्रीवर, एक घागरीवर.

"दोन फुल्या. बाद करा," रखमाजीचा माणूस कचरू म्हणाला.

एवढ्यात ओसरीवरून केशरबाईंचा आवाज आला, "अहो, ती माझी चिठ्ठी असंल! म्या तं..."

"मावशी!" गुरुजींनी टेबलावर हात आपटला. "एक शब्द बोलायचा न्हाई. मत कोणाचं, हे कुणी सांगायचं न्हाई, कुणी विचारायचं न्हाई. कागद सांगंल तेवढंच."

गुरुजींनी मला उचललं, कोर्‍या कागदावर दाबलं, कागद आडवा दुमडून उघडला. दोन फुल्या दिसल्या. दाबलेल्या फुलीचे बाण उजवीकडे, दुमडून उमटलेल्या फुलीचे डावीकडे.

तेव्हा मला माझ्या बाणांचं काम कळलं. आणि भीतीही वाटली. आधीच्या निवडणुकीनंतर मला कुणी धुतलं नव्हतं. वाळलेल्या शाईने माझा एक बाण बुजला होता, दुसरा अर्धाच उमटत होता. त्या वस्तीचं माणूस पंचायतीत बसतं की नाही, ते उरलेल्या दोन बाणांवर ठरणार होतं.

गुरुजींनी मतपत्रिका रखमाजीपुढे धरली. "तुम्हीच बघा."

रखमाजीने ती उजेडात नेली. बराच वेळ पाहिली. कचरू कानाशी लागला, "दादा, बाण कुठं दिसून राह्यला? बाद म्हना."

"दोन दिसून राह्यले, उजवीकडं वळलेले," रखमाजी म्हणाला. "घागरीवरची खरी हाय. मोजा गुरुजी."

कडूबा एका मताने निवडून आला. त्याने रखमाजीला हात जोडले. रखमाजीनेही जोडले.

मला पोत्यात घालताना केशरबाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, माझीच व्हती ना?"

"मला ठाऊक न्हाई मावशी. अन् असतं तरी सांगितलं नसतं."

मित्रांनो, मला ठाऊक आहे. मी त्या मुठीत होतो. पण मीही सांगणार नाही.

पुढे दोन निवडणुका केल्या. मग मी कपाटात पडलो, रबर तडकलं. त्याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, काम झालं की शिक्का धुऊन ठेवा. तुम्ही न धुतल्याने पुसट उमटलेली फुली दुसर्‍या कुणाचं तरी मत असते.

कडूबाने वस्तीत विहीर मंजूर करून घेतली. तिला पाणी लागण्याच्या पंधरा दिवस आधी, एकोणीसशे एकोणऐंशीच्या चैत्रात, केशरबाई वारल्या.