तीनवर ठोका

मला जुना आवाज जसाच्या तसा लागतो. ‘कोल्ड अँव्हिल’ या पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बँडची गाणी आम्ही आकुर्डीच्या कॉलेजांत वाजवायचो. मी गिटार, गणराज ड्रम. पोरं बेभान नाचायची आणि मी मनातून जळफळायचो. त्या बँडच्या ड्रमचा ठोका छातीत बसतो. आमचा म्हणजे उशी झोडपल्यासारखा. त्या रागात मी एकदा गणराजला माईकचा स्टँड फेकून मारला होता.

तो ठोका मला सापडला चाकणला, आमच्याच प्रेसशॉपमध्ये. पत्रा दाबायची दीडशे टनांची प्रेस रिकामी मारली की अगदी तोच! मी प्रेसवर, गणराज तिथंच डिस्पॅचला. जेवणाच्या सुट्टीत बाकीची मशिनं बंद असताना रेकॉर्ड करायचं ठरलं.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून. आमच्याकडे त्यातलं एक कायम तारेनं दाबून बांधलेलं. त्याशिवाय टार्गेट निघत नाही. गणराज उजव्या हातात माईक धरून डायपाशी, पत्रा दाबायच्या साच्यापाशी, वाकला.

“अजून आत धर,” मी ओरडलो.

“बोटं जातेत की रे, गोरक्ष्या!”

“मी मोजतो ना. मोजलं की हात काढ.”

एक, दोन, तीन. मी बटण दाबलं.

प्रेसवर आम्ही असंच मोजतो. एकला पत्रा आत, दोनला हात बाहेर, तीनला बटण. ड्रमवाला चार मोजतो आणि मग सुरू करतो. गणराज चारची वाट बघत होता.

तीन बोटं डायमध्येच राहिली, पार चपटी. माझ्या तोंडावर रक्त उडालं, तो गुरासारखा ओरडत होता. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? हाच तो आवाज. सांगायची लाज वाटते, पण तेच आलं.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. कामगाराने निष्काळजीपणे हात घातला, असं मॅनेजरनं लिहून घेतलं होतं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही होती. गणराजची बायको पिंकी उशाशी बसली होती.

“माझाच ताल चुकला ना रे?” गणराज म्हणाला. “मनात मोजायलो होतो. किती झाले तेच आठवत न्हाई. शाळेपासून वाजवतोय, अन् असा कसा चुकलो?”

नुसती मान हलवली असती तरी मी सुटलो असतो. पण हा माणूस जन्मभर स्वतःचा ताल शोधत बसणार, हे मला सहन होईना.

“तू नाही चुकलास. मी तीनवर दाबलं.”

 मग त्यानं बँडेजचा हात उचलून माझ्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला.

“अहो, टाके तुटतील!” पिंकी किंचाळली.

माझा ओठ फाटला, त्याची पट्टी लाल झाली, तरी तो थांबेना. नर्स धावत आली. मी हात वर केला नाही.

“तीनवर कोण मारतंय रे!” तो रडत रडत मारत होता. “तीनवर कोण मारतंय!”