डोळ्यामागच्या दोन गाठी

"क्ष-किरण खोटं बोलत नाहीत, आणि मी त्यांचा दुभाष्या आहे!" असे डॉक्टर मनमोहन धुरंधर परळच्या एका इस्पितळात रोज एकदा तरी म्हणत. सत्तावन्न साली मुंबई कुणाची यावर वाद होता. धुरंधरांच्या निदानावर कुणाचाच नव्हता. निदान धुरंधरांचा तरी नव्हता.

गिरगावच्या आनंदीबाईंच्या उजव्या भुवईच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ आली, म्हणून त्यांचे यजमान गंगाधरपंत त्यांना तिथे घेऊन आले. फोटो काढणारा दौलत म्हणाला, "बाई, गळा मोकळा करा आणि प्लेटवर पालथं तोंड ठेवा."

दुसऱ्या दिवशी धुरंधरांनी नवरा-बायकोसमोरच ती प्लेट दिव्याच्या पेटीवर लावली आणि विद्यार्थी गोळा केले. उजव्या डोळ्यामागे दोन पांढऱ्या, गोल, जुळ्या सावल्या.

"दोन ट्यूमर! आणि भोवती हे कण बघा, कसे ओळीनं बसलेत. हा रोग माझ्या नावानं ओळखला जाईल. सोमवारी डोळा काढू."

गंगाधरपंत बाकावर बसले. आदल्या दिवशीच्या सभेत त्यांनी मुंबईसाठी प्राण द्यायचे कबूल केले होते. बायकोच्या डोळ्याचा विषय तिथे निघाला नव्हता.

आनंदीबाई पेटीजवळ गेल्या. "अहो डॉक्टर, हे माझं मंगळसूत्र."

"बाई, हा तुमच्या कवटीचा आतला भाग आहे."

"आत कसं जाईल? तुमच्या फोटोवाल्यानं गळा मोकळा करा म्हटलं. सवाष्णीनं मंगळसूत्र काढायचं होय? वाट्या मागे फिरवून अंबाड्यात खोचल्या."

"ट्यूमरही वाटीसारखा असू शकतो."

"पोचा आलेल्या वाटीसारखा? ही माहेरची वाटी. आमच्या नलूनं दात येताना चावलेली."

विद्यार्थी एकाएकी छताचा अभ्यास करू लागले.

अंबाडा सोडून दुसरा फोटो काढला. डोळ्यामागे काही नव्हते. भुवईची गाठ निरुपद्रवी निघाली. धुरंधरांच्या मदतनिसाने ती दहा मिनिटांत काढली. डोळा जागच्या जागी राहिला. धुरंधरांनी केसपेपरवर शेरा मारला: 'रुग्णाने सहकार्य केले नाही.'

मग त्यांनी दार लोटून घेतले. "झाल्या गोष्टीची वाच्यता नको. तुम्हाला काही हवं असेल तर मोकळेपणानं सांगा."

आनंदीबाईंनी जरा विचार केला.

"तो पहिला फोटो द्याल? सोनाराला पोचा दाखवायचाय. मंगळसूत्र काही गळ्यातून काढून नेता येत नाही."