उरलंसुरलं डेस्मंडला

वकील थ्वेटसाहेबांनी मृत्युपत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि म्युरिएलचं डोकं तिसऱ्यांदा फिरलं.

"सोप्या भाषेत सांगा हो. घर माझं की नाही?"

हेस्टरआत्याला कायद्याच्या शब्दांचा भारी सोस. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणून म्हातारीने मृत्युपत्र स्वतःच लिहिलं होतं. 'माझं राहतं घर माझी भाची म्युरिएल हिला, व तिच्या देहापासून जन्मलेल्या वारसांना, वंशपरंपरेने, निरंतर.' म्युरिएल अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची. वंशपरंपरा कसली, डोंबलाची! पण आपली भाड्याची खोली सोडून, आत्याच्या घरी राहून अकरा वर्षं तिचं दुखणंखुपणं म्युरिएलनेच काढलं होतं.

"शब्द बरोबर आहेत," थ्वेटसाहेब म्हणाले. "गरजेपेक्षा फार आहेत, पण बरोबर आहेत. घोटाळा खाली आहे. दोन साक्षीदारांपैकी ही दुसरी सही कोणाची?"

"माझी."

"ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झाला, तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याचा वाटा जातो."

"मग घर कुणाला?"

"शेवटचं कलम. 'उरलंसुरलं सगळं भाचा डेस्मंड यास.' तुमचं घर आता त्या उरल्यासुरल्यात गेलं."

डेस्मंड! नाताळला एक कार्ड पाठवण्यापलीकडे त्याने आत्यासाठी इकडची काडी तिकडे केली नव्हती. म्युरिएलला त्याचा राग आला, पुस्तकाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मृत्युपत्रावर सह्या झाल्या त्या रविवारी शेजारच्या बूथबाई कांद्याची पात द्यायला आल्या होत्या, त्यांनी पहिली सही केली. दुसरीसाठी आत्या म्हणाली होती, पलीकडच्या पार्जेटरला हाक मार. म्युरिएलच म्हणाली, "जेवायची वेळ आहे, कशाला त्यांना त्रास? मी करते की."

ती घरी पोचली तेव्हा पार्जेटर कुंपण छाटत होते. विचारलं म्हणून तिने सगळं सांगून टाकलं.

"मला हाक मारायचीत," ते म्हणाले. "मी घरीच होतो."

"तुम्ही जेवत असाल म्हटलं."

"रविवारी एकट्यासाठी कोण रांधतं? मी खिडकीशी बसून असतो. कुणी बोलावतंय का, बघत."

म्युरिएलने दाराला किल्ली लावली. दार उघडून ती मागे वळली.

"मग आता या," ती म्हणाली. "चहा टाकते. डेस्मंड येईपर्यंत घर माझंच आहे."